चेहरा शेवटी बघा : ग्रीक-रोमन नाण्यांवरचे देव ओळखायला शिकताना

गाभाऱ्यात उजेड अपुरा असतो, मूर्तीवर शेंदराचे थर चढलेले असतात, नाकडोळे कधीच बुजून गेलेले असतात. तरी दारातूनच आपण ओळखतो, हा मारुती. हात उगारलेला, शेपटी डोक्यावरून वळलेली, पायाखाली पनवती. चेहऱ्याची गरजच पडत नाही.

ग्रीक आणि रोमन नाण्यांवरचे देव ओळखायलाही हीच नजर लागते, आणि ती आपल्याकडे घरचीच असते. पण नवखा माणूस नाणं हातात आलं की आधी चेहऱ्याकडे बघतो. मीही तेच करायचो. दोन हजार वर्षं जुन्या, हाताळलेल्या नाण्यावर सगळ्यात आधी झिजतात ते गाल आणि केस, कारण तेच बहुधा सगळ्यात वर आलेले असतात. शिवाय ग्रीक देवांचे चेहरे एकमेकांसारखेच देखणे. तेव्हा चेहरा शेवटी. आधी हात, मग पाय, मग डोक्यावरचं, मग अक्षरं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमानं लावल्या आहेत. सरावासाठी नाणं विकत घ्यायची गरज नाही, स्वच्छ छायाचित्रं पुरतात.

पायरी १ : छापा कुठला, काटा कुठला

पुढच्या बाजूवर कोणाचं डोकं आहे, देवाचं की माणसाचं, एवढंच आधी ठरवा. त्यावरून अर्धा काळ कळतो.

ग्रीक नगरराज्यांच्या नाण्यांवर जिवंत माणसाचा मुखवटा सहसा नसे. पुढे देव, मागे देवाची किंवा गावाची खूण, अशी रीत. अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ मध्ये मेला, त्याचं राज्य सेनापतींनी वाटून घेतलं, आणि तिथून पुढे राजांचे चेहरे छाप्यावर येऊ लागले. देव काट्यावर सरकले. रोममध्येही हाच प्रवास झाला, फक्त उशिरा. इ.स.पू. २११च्या सुमाराला चांदीचं दिनारियस सुरू झालं तेव्हा त्यावर शिरस्त्राण घातलेली रोमा देवी होती आणि मागे घोड्यांवरून दौडणारे जुळे भाऊ, कॅस्टर आणि पोलक्स. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरनं जिवंतपणी स्वतःचा चेहरा नाण्यावर आणला. त्याच वर्षी त्याचा खून झाला, पण पायंडा पडला तो पडलाच. पुढची काही शतकं छापा सम्राटाचा आणि काटा देवांचा.

म्हणून पुढे सम्राट दिसला की लगेच नाणं उलटा, आपलं काम मागच्या बाजूवर आहे. पुढेच देव दिसला तर नाणं बहुधा ग्रीक शहराचं किंवा रोमन प्रजासत्ताकाच्या काळातलं.

पायरी २ : उजेड तिरपा पाडा

फोनचा टॉर्च नाण्यावर सरळ मारला तर सगळं सपाट दिसतं. टॉर्च टेबलाच्या पातळीला आणा, उजेड कडेनं येऊ द्या आणि नाणं सावकाश फिरवा. जे आहे ते सावलीतून वर येतं. नाणं नेहमी कडेला धरा, बोटांचे ठसे चांदीवर राहतात.

आणखी एक लक्षात असू द्या. ही नाणी हातानं पाडलेली आहेत. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, वरचा हातात धरलेला, मध्ये धातूची चकती, आणि वरून हातोडा. हात जरा हलला की चित्र एका बाजूला सरकायचं. त्यामुळे कधीकधी नेमकी देवाच्या हातातली वस्तूच नाण्याबाहेर गेलेली असते. अशा वेळी अंदाज न लढवता त्याच प्रकारचं दुसरं, नीट बसलेलं नाणं शोधावं.

पायरी ३ : चार रकाने

कागदावर चार रकाने आखा : डोक्यावर काय, उजव्या हातात काय, डाव्या हातात काय, पायाशी काय. रोमन नाण्यांवरची उभी आकृती बहुतेक वेळा आपल्या डावीकडे तोंड करून असते. म्हणजे तिचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला पुढे आलेला दिसतो, आणि मुख्य वस्तू सहसा त्याच हातात असते. सुरुवातीला ही डाव्या-उजव्याची गफलत सगळ्यांची होते. वर्णनांत ‘उजवा हात’ म्हणजे देवाचा उजवा, आपला नव्हे.

आता रकाने भरू.

हातात दोन्ही टोकांना ज्वाळेसारखी फुटलेली आणि मध्ये मूठ असलेली वस्तू दिसली तर ती वीज. इंद्राच्या वज्राची आठवण येईल, तशी येऊ द्या. ती झ्यूसची, म्हणजेच रोमन ज्युपिटरची. सोबत गरुड किंवा उंच राजदंड असतो, आणि दाढी असतेच. दाढीवाला, पण हातात त्रिशूळ, डॉल्फिन किंवा पाय जहाजाच्या नाळेवर टेकवलेला, तर पोसायडन, रोमन नेपच्यून. याची एक सुंदर कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात निघाली आणि ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. सागराचा देव पंचगंगेच्या काठी कसा आला, याचं उत्तर रोमशी चालणाऱ्या व्यापारात आहे.

दाढी नाही, केस लांब, डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ, आणि वीणेसारखं तंतुवाद्य किंवा तिवई जवळ असेल तर अपोलो. सीरियाच्या सेल्युकस घराण्यानं त्याला एका घुमटाकार दगडावर बसवून हातात बाण दिला. तो दगड म्हणजे डेल्फी या अपोलोच्या तीर्थक्षेत्रातला, जगाची नाभी मानलेला. अपोलोची जुळी बहीण आर्टेमिस, रोमन डायना : धनुष्य, पाठीवर भाता, जवळ हरीण, कधी डोक्यावर चंद्रकोर.

गदेसारखा ओबडधोबड सोटा आणि सिंहाचं कातडं म्हणजे हेराक्लीस, रोमन हर्क्युलीस. डोक्याला आयव्हीच्या वेलीची माळ, हातात द्राक्षं किंवा मद्याचा पेला, जवळ चित्ता हा डायोनायससचा सरंजाम. त्याला रोमन लोक लिबर किंवा बॅकस म्हणत. पंखांची टोपी आणि दोन साप गुंडाळलेला दंड हा हर्मीस. तोच रोममध्ये मर्क्युरी झाला तेव्हा त्याच्या हातात पैशांची पिशवीही आली. व्यापाऱ्यांचा देव, पिशवी हवीच. धान्याची कणसं किंवा लांब मशाल ही डिमिटर, रोमन सेरीस. मस्तकाभोवती किरणं आणि उजवा हात वर केलेला, तर सूर्य : ग्रीक हेलिऑस, रोमन सोल. त्याच्या रथाला चार घोडे असतात, आपल्या सूर्याला सात.

शिरस्त्राण घातलेल्या आकृत्यांशी जरा जपून. पुरुष असेल, हातात भाला आणि खांद्यावर शत्रूच्या चिलखताचं विजयचिन्ह असेल तर मार्स. पायघोळ वस्त्र, भाला, ढाल म्हणजे अथीना, रोमन मिनर्व्हा. पण रोमा देवीही शिरस्त्राण घालते, भाला धरते, आणि बरेचदा ढालींच्या किंवा चिलखतांच्या ढिगावर बसते. बसलेली, तळहातावर छोटी पंखवाली विजयदेवता घेतलेली असेल तर रोमा असण्याची शक्यता जास्त, पण लायसिमाकस राजाच्या नाण्यांवर अथीनाही अगदी तशीच बसते. तिथे अक्षरंच निकाल देतात. त्यांच्याकडे येऊच.

आपल्या नजरेला पडणारे चकवे

आपली मूर्तीची जाण कामाला येते, तशी नडतेही. घुबड बघून लक्ष्मी आठवते, नाहीतर अपशकुन. अथेन्सच्या नाण्यावरचं घुबड अथीनाचं, शहाणपणाच्या देवीचं. इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्सजवळच्या लाव्हरियनच्या खाणींतल्या चांदीची ही नाणी इतकी पडली की लोक त्यांना ‘घुबडं’च म्हणत. पुढे अथीनाचं मस्तक, मागे घुबड, ऑलिव्हची डहाळी, बारीक चंद्रकोर आणि तीन अक्षरं : इंग्रजी ए, मध्ये टिंब असलेला गोल, आणि ई. म्हणजे ‘अथे’. वजन १७.२ ग्रॅमच्या आसपास, जुन्या हिशेबानं जवळजवळ दीड तोळा. या नाण्यांवर अथीनाचा चेहरा बाजूनं दिसतो पण डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा पूर्ण बदामी काढलेला असतो. चौथ्या शतकात तो डोळा बाजूनं काढायला लागले. डोळा पाहूनच जुनं-नवं सांगता येतं.

आणि हे घुबड आपल्याला अगदीच परकं नाही. ते ज्या छोट्या घुबडाचं चित्र आहे त्याच्या शास्त्रीय नावात ‘अथीनी’ ही प्रजाती आहे, आणि आपल्या आवारातला पिंगळाही त्याच प्रजातीतला. संध्याकाळी विजेच्या तारेवर बसून मान हलवणारा तो पक्षी अथेन्सच्या नाण्यावरच्या पक्ष्याचा चुलतभाऊ आहे.

मोर दिसला की सरस्वती किंवा कार्तिकेय शोधू नका. तो जुनोचा, देवांच्या राणीचा. रोमन महाराणी मरून देवत्वाला गेली की नाण्यावर तिच्यासाठी मोर काढत, आणि सम्राटासाठी ज्युपिटरचा गरुड.

उलट दिशेचा चकवाही आहे. एका वस्तूवरून घाई करू नका. वीज म्हणजे ज्युपिटर हे पाठ केलं, आणि मग डोमिशियन सम्राटाचं दिनारियस समोर आलं. त्यावर हातात वीज धरलेली, पण शिरस्त्राण घातलेली बाई! डोमिशियनची लाडकी देवी मिनर्व्हा, आणि त्यानं तिला चार वेगवेगळ्या पवित्र्यांत नाण्यांवर आणलं. त्यातल्या एकात तिनं वडिलांची, म्हणजे ज्युपिटरची, वीज घेतली आहे. म्हणून चारही रकाने भरल्याशिवाय नाव लिहू नये.

सिंहाच्या कातड्याचंही तसंच. अलेक्झांडरच्या चांदीच्या नाण्यांवर पुढे सिंहाचं कातडं डोक्यावर घेतलेला तरुण आहे. तो हेराक्लीस. मॅसिडोनियाचं राजघराणं त्याला आपला मूळपुरुष मानायचं. त्यात अलेक्झांडरचाच चेहरा आहे का यावर अभ्यासकांचा वाद जुना आहे. पण पाचशे वर्षांनी कोमोडस सम्राटानं सिंहाचं कातडं पांघरलं, तेव्हा तो खरंच स्वतः होता. इ.स. १९२ मध्ये आपण रोमन हर्क्युलीस असल्याचं त्यानं नाण्यावर लिहूनही टाकलं. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याचा खून झाला.

पायरी ४ : शिंगवाल्या बायका

रोमन साम्राज्याची नाणी बघायला लागलात की एक बाई सारखी भेटेल. उभी, पायघोळ वस्त्र, डाव्या हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग. नवखे इथे हात टेकतात, कारण ही एक बाई नसून डझनभर आहेत. या पुराणकथांतल्या देवी नव्हेत, गुणांना दिलेली देवीची रूपं आहेत : समृद्धी, शांतता, न्याय, आशा. आपल्याकडे धृती, मेधा, श्रद्धा यांना देवी मानतात त्यातलाच प्रकार. सम्राटाला प्रजेला जे सांगायचं असे ते तो यांच्या तोंडून सांगे. म्हणून भाव भडकलेले असताना नाण्यावर धान्यदेवी हसत असायची.

शिंगाकडे बघूच नका, ते सगळ्यांकडे आहे. उजवा हात बघा. सुकाणू धरलं असेल तर फॉर्च्युना, नशिबाची देवी. नाव कुठे वळवायची ते तिच्या हातात. दोन सापांचा दंड असेल तर फेलिसिटास, भरभराट. ऑलिव्हची डहाळी : पाक्स, शांतता. ताम्हणासारखी उथळ तबकडी : बहुधा कॉन्कॉर्डिया, म्हणजे एकोपा, आणि ती बरेचदा बसलेली असते. राजघराण्यात भांडणं असली की हमखास हीच. धान्याची कणसं आणि पायाशी पायलीसारखं माप : अनोना, रोमला होणारा धान्यपुरवठा.

काहींना शिंगाची गरज नसते. सालुस, आरोग्याची देवी, ताम्हणातून नागाला भरवते. नागपंचमी पाहिलेल्याला ती विसरायची नाही. स्पेस म्हणजे आशा, एका हातात फूल आणि दुसऱ्या हातानं घोळ किंचित उचललेला, चालता यावं म्हणून. लिबर्टास स्वातंत्र्याची, तिच्या हातातली टोपी गुलामाला मुक्त करताना घालायची. पुडिसिटिया म्हणजे शालीनता. ती डोक्यावरचा पदर पुढे ओढते, आणि महाराण्यांच्या नाण्यांवर फार दिसते. मराठी माणसाला तिच्यासाठी वेगळा शब्द शोधावा लागत नाही.

राहिली तराजूवाली. ही खरी परीक्षा. उजव्या हातात तराजू, डाव्यात शिंग, अशा दोघी आहेत : इक्विटास, म्हणजे न्याय्य व्यवहार, आणि मोनेटा, म्हणजे टांकसाळीची देवी. चित्रात फरक नाही. नाव वाचूनच ठरवायचं.

मोनेटाची गोष्ट थोडी सांगायलाच हवी. रोमच्या कॅपिटोल टेकडीवर जुनो मोनेटाचं देऊळ होतं आणि टांकसाळ त्याच्या आसऱ्याला होती. त्यावरून टांकसाळीचं नाव पडलं, आणि पुढे इंग्रजीतले ‘मनी’ आणि ‘मिंट’ हे दोन्ही शब्द तिथूनच आले. इ.स.पू. ४६ मध्ये टायटस कॅरिसियस या टांकसाळ अधिकाऱ्यानं पाडलेल्या दिनारियसवर पुढे मोनेटाचं मस्तक आहे आणि मागे ऐरण, सांडशी, हातोडा. ज्या हत्यारांनी ते नाणं पाडलं त्यांचंच चित्र. रोमन नाण्यांतलं माझं सगळ्यात आवडतं.

पायरी ५ : अक्षरं, आणि शाळेतल्या विभक्ती

संपूर्ण लॅटिन किंवा ग्रीक शिकायची गरज नाही. शेवटची अक्षरं आणि संस्कृतच्या विभक्ती एवढ्यावर बरंच निभतं.

ग्रीक नाण्यावरचं नाव बहुधा षष्ठीत असतं. अलेक्झांडरच्या नाण्यावर ‘अलेक्झांड्रू’ लिहिलेलं असतं, म्हणजे ‘अलेक्झांडरचे’, अर्थात नाणे. शेवटी इंग्रजी ओ आणि वायसारखी दोन अक्षरं दिसली की बहुतेक हीच विभक्ती. त्याच्याआधी ‘बासिलेओस’ असेल तर ‘राजाचे’. म्हणजे ग्रीक नाण्यावरचं नाव बहुधा देवाचं नसून नाणं ज्याचं त्याचं असतं. नवखे हमखास इथे फसतात आणि झ्यूसच्या शेजारी अलेक्झांडरचं नाव पाहून बसलेल्या देवालाच अलेक्झांडर म्हणतात.

रोमन नाण्यावर देवाचं नाव मागच्या बाजूला असतं, आणि ते दोन तऱ्हांनी येतं. प्रथमेत, म्हणजे नुसतं नाव : व्हीनस, फॉर्च्युना. किंवा चतुर्थीत : ‘आय, ओ, व्ही, आय’ ही चार अक्षरं म्हणजे ‘इओवि’, ‘ज्युपिटरला’. ‘श्रीगणेशाय नमः’ मधला गणेशाय आठवा. नाणंच देवाला वाहिलंय. कॉन्स्टन्टाइन सम्राटाच्या नाण्यांवर ‘सोलि इन्व्हिक्टो कोमिटि’ येतं, सगळे शब्द चतुर्थीत : अजिंक्य सोबती सूर्याला. पुढे ख्रिस्ती धर्माला आश्रय देणाऱ्या याच सम्राटानं किरणांचा मुकुट घातलेला सोल कितीतरी वर्षं नाण्यांवरून हलवला नव्हता.

थोड्या व्यावहारिक सूचना. जुन्या लॅटिनमध्ये ‘यू’ नाही, त्याजागी ‘व्ही’ असतो. म्हणून ‘ए, व्ही, जी’ म्हणजे ऑगस्टस, सम्राटाची पदवी. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ‘एस’ आणि ‘सी’ ही दोन मोठी अक्षरं तांब्या-पितळेच्या नाण्यांवर दिसली तर ती देवाची नव्हेत, ‘सिनेटच्या ठरावानं’ असा त्यांचा अर्थ. वाचायला सुरुवात बहुधा आपल्या डाव्या हाताला खालून करावी आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे जावं. ग्रीक नाण्यांवर मात्र हा नियम चालत नाही, तिथे अक्षरं उभी, आडवी, कुठेही.

पायरी ६ : गावाची कोटी

ग्रीक नाण्यावर काही वेळा देव ओळखला तरी मागच्या वस्तूचा मेळ लागत नाही. तेव्हा शहराचं नाव काय हे विचारा. ऱ्होड्स बेटाच्या नाण्यांवर पुढे हेलिऑस समोरून बघतो आणि मागे गुलाब. सूर्याचा आणि गुलाबाचा संबंध काय? काही नाही. ग्रीकमध्ये गुलाबाला ‘ऱ्होडॉन’ म्हणतात, ती नावावरची कोटी आहे. सिसिलीतल्या सेलिनस शहरानं रानटी सेलरीचं पान काढलं, कारण त्या पाल्याला ग्रीकमध्ये ‘सेलिनॉन’ म्हणत. रोमनांनाही ही खोड होती. पॉम्पोनियस मुसा नावाच्या टांकसाळ अधिकाऱ्यानं आडनावाला शोभेल म्हणून नऊच्या नऊ म्युझ, म्हणजे कलादेवता, वेगवेगळ्या दिनारियसांवर काढल्या.

इफेससची मधमाशी आणि हरीण मात्र कोटी नाही, ती तिथल्या आर्टेमिसची. कोरिंथचा पंखवाला घोडा पेगासस. त्या नाण्याच्या मागच्या बाजूला अथीना आहे, कारण दंतकथेत पेगाससला लगाम घालायला तिनंच मदत केली.

हे देव इकडे आले तेव्हा

अफगाणिस्तान आणि पंजाबवर राज्य करणाऱ्या ग्रीक राजांनी हेच देव उचलून आणले. मिनँडरच्या, म्हणजे बौद्ध ग्रंथांतल्या मिलिंदाच्या, चांदीच्या नाण्यावर अथीना वीज फेकते आहे. डोमिशियनच्या मिनर्व्हाच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी. एका बाजूला ग्रीक लेख, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. दोन्हीकडे षष्ठी, दोन्हीचा अर्थ ‘तारणहार राजा मिनँडरचे’. ग्रीक अक्षरं अडली तर मागची बाजू वाचा, उत्तर आपल्या भाषेच्या नात्यातल्या प्राकृतात लिहिलेलं आहे.

कनिष्काच्या सुरुवातीच्या नाण्यांवर सूर्यदेवाला ‘हेलिऑस’ म्हटलंय, नंतरच्या नाण्यांवर जवळजवळ त्याच चित्राखाली ‘मिइरो’ हे इराणी नाव आलं. चित्र तेच, देव बदलला. अक्षरं का वाचायची याला याहून चांगलं उदाहरण नाही.

आणि अगदी घरचं उदाहरण : १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी इथे क्षत्रप नहपानाची १३,०००हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या नाण्याच्या मागे बाण आणि वीज आहे, आणि पुढच्या लेखात ग्रीक अक्षरं. देव गेला, त्याची आयुधं तेवढी राहिली.

नाशिकजवळच अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. घरबसल्या बघायचं तर न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीनं रोमन साम्राज्याच्या आणि अलेक्झांडरच्या नाण्यांचे कोश इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. तिथे देवाच्या नावानं शोध घेता येतो. आधी स्वतः चार रकाने भरा, मगच तिथे उत्तर ताडून बघा. उलटं केलंत तर नजर तयार होत नाही.

विकत घ्यायचा मोह झालाच तर

आधी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. अथेन्सचं घुबड १४ ग्रॅम भरलं तर प्रश्न विचारायला लागा. कडेवर बारीक शिवण दिसली तर ते ओतलेलं असू शकतं, आणि ही चांदीची नाणी तर पाडलेली असायची. पर्यटनस्थळी कोणी शेतात सापडलेलं ‘सिकंदरचं नाणं’ दाखवलं तर हात खिशातच ठेवा. खरंच शेतात सापडलं असेल तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांना भेट म्हणूनही नाही.

साफ करू नका. मी केलं होतं. एका रोमन तांब्याच्या नाण्यावर हिरवट थर होता, देवाची भांडी घासतो तशी चिंच लावली. नाणं लख्ख झालं. बाईच्या उजव्या हातात जे काही होतं ते त्या थरातच टिकून होतं, ते चिंचेबरोबर गेलं. आता ती इक्विटास, मोनेटा की आणखी कोणी, ते सांगता येत नाही. शुद्ध पाण्यात बुडवून मऊ कापडानं टिपणं, यापुढे नवख्यानं जाऊ नये. नाणी मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून हिरवा चिकट थर धरतो. कागदी पाकीट बरं.

सरावाला एक नाणं

आता एक नाणं तुमच्यावर सोपवतो. आकारानं लहान, धातू तांब्यासारखा, चांदी नावाला. पुढे दाढीवाला माणूस, डोक्यावर किरणांचा मुकुट. घाईनं सोल लिहू नका : सोलला दाढी नसते, आणि भोवतीची अक्षरं गॅलिएनस सम्राटाचं नाव सांगतात. किरणांचा मुकुट ही त्या काळात नाण्याच्या किमतीची, दुप्पट मोलाची खूण होती. उलटा. मागे देव नाहीच. चारही रकाने रिकामे. नुसती एक बकरी उभी आहे.

काठाशी अक्षरं : ‘इओवि’, मग ‘कॉन्स’, मग ‘ऑग’. चतुर्थी. सम्राटाचा रक्षणकर्ता ज्युपिटर, त्याला. बाळ ज्युपिटरला दूध पाजणारी अमल्थिया बकरी होती. इ.स. २६७-२६८च्या सुमाराला, सगळीकडून शत्रू चालून येत असताना, गॅलिएनसनं अशी एक मालिकाच पाडली, प्रत्येक देवाचं नाव आणि त्याचा प्राणी : डायनाचं हरीण, लिबरचा चित्ता, नेपच्यूनचा माशाच्या शेपटीचा घोडा, अपोलोचा नरतुरंग. साधारण देव वाहनावर येतो, इथे वाहनं एकटीच आली आहेत.

अपोलोच्या नावाचीच आणखी एक बाजू त्या मालिकेत आहे. तिच्यावर गरुडाचं डोकं आणि पंख असलेला सिंह आहे. कोश उघडण्याआधी काठावरचं नाव कुठल्या विभक्तीत आहे ते बघा.